मोडींत घालण्यापूर्वीं

आमच्या घरांत वस्तु टाकून देण्याची चाल फारशी नाहीं. न्हाणीघरांतील तांब्याच्या बंबास आजवर दोनदां डाग दिलेला आहे. तीर्थरूपांच्या आरामखुर्चीचें कापड आमच्या आठवणींत चार वेळां बदललें. आणि आम्हांस निवृत्त होऊन आठ वर्षें झालीं असतांहि घरच्या मंडळींनीं आम्हांस अद्याप अडगळींत टाकलेलें नाहीं. अशा ह्या घरांत २०२५ सालच्या दिवाळीच्या सुमारास एक वस्तु मोडींत घालण्याचा ठराव एकमतानें संमत झाला.

ती वस्तु म्हणजे आमच्या पुतण्यानें कॉलेजांत असतां २०१३ सालीं घेतलेला व तो नोकरीनिमित्त पुण्यास गेल्यावर घरींच राहिलेला लॅपटॉप. त्याच्यावर आरोप दोन होते. पहिला असा कीं, कळ दाबल्यापासून कामास लागेपर्यंत तो सात मिनिटें घेई. एवढ्या अवधींत चहा होतो आणि पिऊनहि होतो. दुसरा आरोप अधिक गंभीर होता. त्याच्यावर चालणाऱ्या विंडोज १० ह्या कार्यप्रणालीस सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या नियमितपणें मिळत, त्यांचा नेहमींचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. नांवनोंदणी करणाऱ्यांस एक वर्षाची वाढीव मुदत देऊं केली होती. परंतु मुदत ती मुदतच. पुढची पायरी विंडोज ११ ची. ती चढण्यास यंत्राच्या अंगीं टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसरहि मान्य यादींतला हवा. इंटेलच्या बाबतींत ही यादी साधारणतः आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ नंतरच्या प्रोसेसरांपासून, सुरू होते. आमचें यंत्र त्याहून चार वर्षांनीं वडील. त्यास त्या पंक्तींत पाट मिळणें शक्य नव्हतें.

गांवांतील एका दुरुस्तीच्या दुकानीं आम्ही तें घेऊन गेलों. दुकानदारानें झांकण उघडण्याचेहि श्रम घेतले नाहींत. "मास्तर, ह्याच्यांत आतां राम नाहीं. नवा घ्या," असें म्हणून त्यानें नव्या लॅपटॉपांचीं चित्रें आमच्यापुढें ठेविलीं. किंमती चाळीस हजारांच्या आसपास. तीन मुलांच्या शिक्षणाचा खर्च चालू असलेल्या घरांत ही रक्कम सहज निघत नाहीं. आम्ही लॅपटॉप पिशवींत घालून परत आलों, आणि त्या रात्रीं पुतण्यास दूरध्वनि केला. तो म्हणाला, "काका, यंत्र धडधाकट आहे. त्याच्या डोक्यावरचें ओझें तेवढें उतरवा. त्याच्यावर लिनक्स घाला."

हें ओझें म्हणजे काय, तें आधीं समजून घेणें इष्ट होईल. लॅपटॉप हें एक घर मानिलें, तर ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, ही त्या घरचा कारभारी होय. कोणतें काम आधीं व्हावें, कोणती वस्तु हाताशीं असावी, कोणती कोठारांत ठेवावी, दारीं आलेल्यास आंत घ्यावें कीं नाहीं, हें सर्व तो पाहतो. आपण पत्र लिहितों किंवा चित्र पाहतों, तें त्याच्याच मध्यस्थीनें. परंतु कारभाऱ्याचा परिवार वर्षानुवर्षें वाढत गेला आणि घर मात्र चार खणांचें राहिलें, तर धन्यास बसावयासहि जागा उरत नाहीं. आमच्या यंत्राची तात्पुरती स्मृति अवघी ४ गिगाबाइट. तिच्यांतील बराच भाग कारभारीच व्यापून बसे. यंत्र म्हातारें झालें असें आपण म्हणतों, तेव्हां पुष्कळदां कारभारी स्थूल झालेला असतो.

आतां हा नवा कारभारी फुकट मिळतो असें ऐकून आम्हांस प्रथम संशयच आला. फुकटाच्या वस्तूंत कांहीं तरी काळेंबेरें असतें अशी आमची समजूत. पुतण्यानें ती दूर केली. इंग्रजींत 'फ्री' ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात आणि त्यामुळें त्या भाषेंत ह्या विषयाचा नेहमीं घोटाळा होतो. आपली भाषा येथें अधिक भाग्यवान् आहे. आपणांजवळ 'फुकट' हा शब्द निराळा आणि 'मुक्त' हा निराळा. लिनक्स फुकट मिळतें हें खरें. पण तिचा विशेष तो नव्हे. ती मुक्त आहे, हा तिचा विशेष.

मुक्त म्हणजे कशी? आम्ही संस्कृताचे विद्यार्थी असल्यामुळें आम्हांस हस्तलिखित पोथीचा दृष्टान्त जवळचा वाटतो. पोथी ज्याच्या हातीं आली त्यानें ती हव्या त्या कामासाठीं वाचावी. तिची संहिता अभ्यासून अशुद्ध पाठ सुधारावा. तिची प्रत करून शेजाऱ्यास द्यावी. आणि आपली टीका जोडून ती सटीक प्रतहि दुसऱ्यास द्यावी. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८३ सालीं जीएनयू ह्या प्रकल्पाची घोषणा केली. त्यांच्या चळवळींत संगणकाच्या कार्यक्रमांविषयीं जीं चार स्वातंत्र्यें सांगितलीं जातात, तीं नेमकीं हींच आहेत. कार्यक्रमाची मूळ संहिता, जिला 'सोर्स कोड' म्हणतात, ती उघडी असली पाहिजे, हें ह्यांतून ओघानेंच येतें. १९८९ सालीं त्यांनीं जो परवाना लिहिला त्यांत एक अट घातली: सुधारलेली प्रत जो दुसऱ्यास देईल, त्यानें आपणांस मिळालेलें स्वातंत्र्य त्या दुसऱ्यासहि दिलें पाहिजे. पोथी घेणाऱ्यानें ती पेटींत घालून कुलूप लावूं नये, एवढाच ह्या अटीचा भावार्थ.

पुढें १९९१ सालीं फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठांत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें कार्यप्रणालीचा गाभा स्वतः लिहिला आणि पुढील वर्षीं त्यास हाच परवाना लाविला. हा गाभा आणि जीएनयूचीं साधनें एकत्र येऊन आजची लिनक्स झाली. देशोदेशींच्या हजारों लोकांनीं तिच्यांत भर घातली आहे. मोठमोठ्या कंपन्याहि आतां तिच्या कामास हात लावितात, कारण त्यांचाहि व्यवहार तिच्यावर चालतो. आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनाचा गाभाहि लिनक्सच आहे. केरळांतील सरकारी शाळांचें संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर चालतें. आणि ज्या सी-डॅक संस्थेचें मुख्य ठाणें आमच्या पुण्यास आहे, तिनें 'बॉस' नांवाची भारतीय भाषांची सोय असलेली लिनक्स तयार केली आहे. तेव्हां हा कांहीं चार हौशी मुलांचा खेळ नव्हे, अशी आमची खात्री पटली.

लिनक्सचीं घराणीं अनेक आहेत. त्यांपैकीं 'लिनक्स मिंट' हें २००६ सालीं निघालेलें घराणें विंडोजची संवय असलेल्यास सोपें जातें. त्यांतहि 'एक्सएफसीई' नांवाची हलकी आवृत्ति जुन्या यंत्रास मानवते. २०२४ सालीं निघालेल्या तिच्या बाविसाव्या आवृत्तीस एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. यंत्रास २ गिगाबाइट स्मृति असली तरी तिचें काम चालतें; ४ असल्यास बरें.

आतां कृति. ही सर्व आमच्या नववींतल्या नातीनें केली, पुतण्यानें फोनवरून सांगितली, आणि आम्ही चष्मा लावून पाहिली. प्रथम मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून प्रणालीची संपूर्ण प्रत उतरवून घेतली. आकार सुमारें तीन गिगाबाइट. ती वाटेंत बिघडली नाहीं ना, हें पाहण्याची एक सुंदर युक्ति आहे. प्रत्येक प्रतीबरोबर चौसष्ट अंकाक्षरांची एक खूण जाहीर केलेली असते. आपल्या प्रतीवरून संगणकानें काढलेली खूण तिच्याशीं अक्षरशः जुळली पाहिजे; मूळ प्रतींत एक बिंदु जरी बदलला तरी सबंध खूण बदलते. वैदिकांनीं क्रम, जटा, घन असे पाठ ज्या हेतूनें योजिले, तोच हेतु येथें पाहून आम्हांस मौज वाटली.

नंतर ती प्रत आठ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर एका खास साधनानें उतरवावी लागते. नुसती नक्कल करून भागत नाहीं. पेनड्राइव्हवर पूर्वीं जें असेल तें ह्या वेळीं जातें. मग लॅपटॉप बंद करून, पेनड्राइव्ह लावून, सुरू होतांच एफ-१२ किंवा त्या यंत्रास लागू असेल ती दुसरी कळ दाबावयाची, म्हणजे यंत्र आपल्या तबकडीऐवजीं पेनड्राइव्हवरून उठतें. येथें ह्या पद्धतीचा मोठा सद्गुण दिसतो. जुन्यास हात न लावतां नवी प्रणाली चालवून पाहतां येते. भाड्याचें घर घेण्यापूर्वीं नळास पाणी येतें कीं नाहीं, खिडकी लागते कीं नाहीं, हें शहाणा मनुष्य पाहतो. तद्वत् वाय-फाय लागतें का, आवाज येतो का, छपाईयंत्र ओळखलें जातें का, हें सर्व पाहून घ्यावें. आमच्या येथें सर्व ठीक निघालें. मग कायमची स्थापना. भाषांच्या यादींत मराठी आहे, ती निवडली. पुढें प्रश्न आला: जुन्या प्रणालीच्या शेजारीं नवी बसवावी, कीं तबकडी पुसून टाकून एकटीच बसवावी? आम्हीं पुसून टाकण्याचें ठरविलें. पाऊण तासांत काम झालें. यंत्र दीड मिनिटाच्या आंत उठूं लागलें. पत्रलेखनासाठीं लिब्रे-ऑफिस आणि संकेतस्थळें पाहण्यासाठीं फायरफॉक्स हीं आयतींच बरोबर आलीं. त्या दिवशीं आम्हीं घरीं श्रीखंड आणविलें.

वाचकहो, येथें हा लेख संपता तर आम्हांस फार बरें वाटलें असतें.

तबकडी पुसण्यापूर्वीं घरांतील सर्वांचें जें जें यंत्रांत होतें तें बाहेरच्या तबकडीवर उतरविण्यांत आलें होतें. चिरंजीवांचे फोटो, सूनबाईंचीं शाळेचीं कागदपत्रें, नातीचे प्रकल्प, आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका, अशी आम्हीं स्वहस्तें यादी केली आणि एकेकास बोलावून विचारलें. वहिनी त्या वेळीं देवघरांत वाती वळीत होत्या. "वहिनींचें त्यांत काय असणार?" असें म्हणणारे आम्हीच.

थोरले बंधु २०१९ सालीं वारले. पुढील वर्षीं टाळेबंदींत सारें घर कोंडलेलें असतां वहिनी नातीकडून मराठी टंकलेखन शिकल्या. दुपारीं त्या लॅपटॉपापुढें बसत, तेव्हां कीर्तनें ऐकत असाव्यात असें आम्ही सर्व धरून चाललों होतों. वस्तुतः त्या लिहीत होत्या. आमच्या घरचें बोडण कसें भरतात, श्रावणांतल्या शुक्रवारीं जिवतीपुढें काय मांडतात, गौरींच्या जेवणास चाळीस पानांचें पुरण किती शिजवावें, आमच्या मातोश्रींनीं त्यांस तोंडीं सांगितलेलें हें सारें त्या पांच वर्षें जुळवीत होत्या. तीं सेहेचाळीस पानें डेस्कटॉपवर, म्हणजे यंत्राच्या दर्शनी पडद्यावरच, 'घर' अशा नांवाच्या कप्प्यांत होतीं. तो कप्पा आम्हीं पाहिला होता. पण ती यंत्राचीच कांहीं खूण असावी असें समजून सोडून दिला.

श्रीखंडानंतर आठव्या दिवशीं दुपारीं वहिनी आमच्या खोलीच्या दाराशीं येऊन म्हणाल्या, "भाऊजी, इथें 'घर' होतें, तें कुठें गेलें?"

ह्या प्रश्नास उत्तर देण्यास आम्हांस जेवढा वेळ लागला, तेवढा वर्गांत कोणत्याहि प्रश्नास लागला नव्हता.

शनिवारीं पुतण्या पुण्याहून आला. पुसलेली वस्तु तबकडीवरून तत्काळ नाहींशी होत नाहीं. तिची नोंद जाते, आणि जागा रिकामी समजून तिच्यावर हळूहळू दुसरें लिहिलें जातें. म्हणून चूक कळतांच यंत्र वापरणें बंद करावें, हा पहिला नियम. आम्हीं तर नव्या वेगाच्या आनंदांत आठ दिवस तें अहोरात्र चालविलें होतें. पुतण्यानें तबकडी बाहेर काढून दुसऱ्या यंत्रास जोडली आणि फोटोरेक नांवाचें साधन चालविलें. हेंहि मुक्तच आहे. तें वस्तूची आंतील घडण ओळखून तिला परत काढतें, पण नांवें परत मिळत नाहींत. हजारों निनांवी तुकडे हातीं आले. दोन रात्री ते चाळल्यावर वहिनींच्या लेखनाची एक जुनी प्रत सांपडली. एकोणीस पानें. उरलेलीं सत्तावीस गेलीं तीं गेलीं.

वहिनींनीं आम्हांस शब्दानेंहि दोष दिला नाहीं. कुळाचार त्यांच्या डोक्यांत आहे, तो पुन्हा लिहितां येईल, असें म्हणाल्या. मात्र गेलेल्या पानांत दादांच्या आजारपणाच्या शेवटच्या आठवड्याची हकीकत होती. ती पुन्हा लिहावयाची नाहीं, एवढें त्यांनीं शांतपणें सांगितलें. मग त्या म्हणाल्या, "आतां प्रत कशी काढायची, तें मला शिकवा. हें काम दुसऱ्याच्या हातीं नको."

हें वाक्य ऐकल्यापासून आम्ही विचार करीत आहों. मुक्त प्रणालीचा महिमा आम्हीं पुतण्याकडून ऐकला आणि वर तुम्हांस सांगितला. पण त्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशीं कळला. यंत्र धन्याचें असावें, त्यांत काय आहे तें त्यास दिसावें, त्यानें तें हवें तसें बदलावें, हें सर्व योग्य. परंतु घरांतील यंत्राचा धनी कोण? ज्याच्या पैशांनीं आलें तो, कीं जो त्याजपुढें रोज बसतो तो? आम्हीं कारभारी बदलण्याचा ठराव केला तेव्हां घरांतील सर्वांचें मत घेतलें आणि जिचा त्या यंत्राशीं सर्वांत जास्त संबंध, तिलाच वगळलें. हा दोष लिनक्सचा नाहीं, विंडोजचा नाहीं. घरचा आहे, आणि लॅपटॉप येण्याच्या पुष्कळ आधींचा आहे.

ज्या घरीं असें जुनें यंत्र पडून असेल, त्यांनीं तें मोडींत न घालतां हा उद्योग अवश्य करावा. फक्त आमच्या अनुभवानें आलेल्या चार गोष्टी पाळाव्यात. यंत्रास जो जो हात लावतो, त्या प्रत्येकास, मग तो लहान असो कीं वृद्ध, समोर बसवून त्याचें काय कोठें आहे तें दाखवावयास सांगावें. प्रत काढल्यावर ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. शक्य असल्यास जुनी तबकडी पुसूंच नये. ती काढून कपाटांत ठेवावी व नवी एसएसडी जातीची तबकडी बसवून तिच्यावर स्थापना करावी. आमच्या येथें पुतण्यानें शेवटीं हेंच केलें, आणि यंत्र आतां अर्ध्या मिनिटांत उठतें. हें शहाणपण आधीं सुचतें तर पुढचें कांहीं घडलें नसतें. चौथी गोष्ट ही कीं, आपलें अडणारें काम नव्या प्रणालीवर होतें कीं नाहीं, तें आधीं पाहावें. कांहीं हिशेबाचे कार्यक्रम व डिजिटल स्वाक्षरीचीं कांहीं साधनें तिच्यावर चालत नाहींत. आणि आमच्या युनिकोडपूर्व टंकांतल्या प्रश्नपत्रिका, तो टंक नव्या प्रणालींत नसल्यामुळें, निरर्थक रोमन अक्षरांसारख्या दिसतात. त्यांवांचून कोणाचें अडलेलें नाहीं, हा भाग वेगळा.

असो. लॅपटॉप आतां वहिनींच्या खोलींत, खिडकीशीं असतो. पूर्वीं त्या रोमन अक्षरांवरून मराठी उमटवीत. आतां त्यांनीं इन्स्क्रिप्टची मांडणी शिकण्यास घेतली आहे. तिच्यांत स्वर डाव्या हातास आणि व्यंजनें उजव्या. क च्याच कळेवर ख आणि ग च्याच कळेवर घ. वर्णमाला येणाऱ्यास ती आपोआप समजते, असें त्यांनींच आम्हांस समजावून दिलें. प्रत काढण्याचा दिवस त्यांनीं दर एकादशीचा ठरविला आहे. फराळाच्या आधीं त्या तबकडी जोडतात, प्रत काढतात, ती उघडून पाहतात, आणि तबकडी देवघरांतील फडताळांत ठेवतात. परवांच्या एकादशीस आम्हीं भीतभीत विचारलें. 'घर' एकतीस पानांचें झालें आहे.